परकीय भाषा शिकायची तर पातळी मोजा: नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीनं मार्गदर्शन

बारावीला फ्रेंच किंवा जर्मन घेऊन पंच्याण्णवच्या वर मार्क मिळवणारी मुलं नाशिकमध्ये दरवर्षी निघतात. त्यातल्या बहुतेकांना त्याच भाषेत फोन करून डॉक्टरची वेळ मागता येत नाही. मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बोर्डाच्या परीक्षेचा भर लेखी पेपरवर, पेपर ठरावीक धड्यांवर, आणि विषय घेतलेलाच असतो तो ‘स्कोअरिंग’ म्हणून. घोळ पुढे होतो. त्याच मार्कांच्या भरवशावर मूल भाषेच्या पदवीला किंवा परदेशी विद्यापीठाकडे जातं आणि समोरून एकच प्रश्न येतो: तुमची पातळी कोणती?

या प्रश्नाला उत्तर तयार हवं. नाशिकमध्ये राहून ते कसं तयार करायचं, शहर केव्हा सोडायचं आणि कोणते कागद आधी जमवायचे, ते पुढे दिलं आहे.

पहिली पायरी: पातळ्या आणि तासांचा हिशेब

युरोपीय भाषांसाठी सहा पातळ्यांची एकच मोजपट्टी २००१ पासून चालते: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए१ म्हणजे नाव-गाव-दुकान-घड्याळ. बी१ म्हणजे प्रवासात गाडी चुकली तर काय झालं ते सांगता येणं, ओळखीच्या विषयावर सरळ पत्र लिहिता येणं. बी२ला वर्गातलं व्याख्यान कळतं आणि आपला मुद्दा मांडून वाद घालता येतो. विद्यापीठात किंवा कचेरीत भाषेमुळे अडू नये असं वाटत असेल तर सी१. जपानीचे आकडे उलटे चालतात: एन५ सगळ्यात खालची, एन१ सगळ्यात वरची.

आता तास. जर्मनीच्या गोएथे इन्स्टिट्यूटचा (आपल्याकडचं मॅक्सम्युलर भवन) अंदाज ४५ मिनिटांच्या तासिकांत असतो. ए१साठी ८० ते २००, बी१पर्यंत एकूण ३५० ते ६५०, बी२पर्यंत ६०० ते ८००. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना नोकरीपुरती भाषा शिकवताना फ्रेंच-स्पॅनिशला साधारण ५५० ते ७५०, रशियनला १००० ते ११०० आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीला २२०० तास धरतं.

हे आकडे आपल्या आठवड्यावर बसवून बघा. शनिवार-रविवार दोन-दोन तासांचा वर्ग, वर्षाला ४० आठवडे, म्हणजे १६० तास, तासिकांत सुमारे २१३. एका वर्षात ए१ नीट होतं, ए२ची सुरुवात होते. तीन वर्षांत ६४० तासिका, म्हणजे बी१ पक्कं आणि बी२चा उंबरठा. पदवीचं शिक्षण चालू असताना बी१पर्यंत पोचणं जमण्यासारखं आहे, पण त्याला तीन वर्षं लागतात. ‘तीन महिन्यांत जर्मन’ असा फलक दिसला तर हा गुणाकार मनात करा.

विद्यापीठांच्या अर्धवेळ अभ्यासक्रमांची उतरंडही साधारण अशीच असते. प्रमाणपत्र अभ्यासक्रम ए१च्या आसपास, त्यावर पदविका, त्यावर उच्च पदविका. पण विद्यापीठाचं प्रमाणपत्र आणि पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसाच्या खिडकीवर आंतरराष्ट्रीय परीक्षाच चालते, त्यामुळे प्रमाणपत्राच्या परीक्षेपाठोपाठ ती परीक्षाही देऊन टाकायची.

दुसरी पायरी: कोणती भाषा?

मैत्रिणीनं घेतली म्हणून, किंवा मालिका आवडते म्हणून, हे कारण पहिले सहा महिने पुरतं. त्यापुढे दोन गोष्टी बघाव्या लागतात: मराठी येणाऱ्याला त्या भाषेत काय सोपं आणि काय अवघड, आणि त्या भाषेला आपल्या भागात विचारतं कोण.

जपानी अवघड आहे ती लिपीमुळे. वाक्यरचना ऐकली तर घरचीच वाटते. क्रियापद शेवटी येतं, आणि आपल्या ‘ला, ने, पासून, पर्यंत’सारखे ‘नि, दे, कारा, मादे’ हे शब्द नामाच्या मागून लागतात. आपलं ‘करून बघ’ म्हणजे ‘शिते मिरु’, आणि त्यातला ‘मिरु’ म्हणजे बघणंच. ‘करून ठेव’ला ‘शिते ओकु’, त्यातला ‘ओकु’ म्हणजे ठेवणं. इंग्रजीतून जपानी शिकवणारी पुस्तकं या जागी दोन-दोन पानं खर्च करतात. मराठी विद्यार्थ्यानं ती पानं उलटून पुढे जावं आणि वाचलेला वेळ लिपीला द्यावा. हिरागाना ४६ अक्षरं, काताकाना ४६, त्यानंतर कांजी. जपानी सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीतच २१३६ कांजी आहेत. हिरागाना-काताकाना तीन आठवड्यांत हातात बसली पाहिजेत. तोवर रोमन अक्षरांतून जपानी वाचायची सवय लागली की ती सोडवताना नाकी नऊ येतात.

जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत याचा बाऊ इंग्रजी माध्यमातली पुस्तकं करतात. आपल्याला तो-ती-ते जन्मापासून ठाऊक आहे, ‘चांगला-चांगली-चांगलं’ अशी विशेषणं फिरवायचीही सवय आहे. फक्त कोणाला कोणतं लिंग, हे जुळत नाही: सूर्य तिथं स्त्रीलिंगी, मुलगी नपुंसकलिंगी. मराठी मुलांची खरी फसगत दुसरीकडे होते, ती ‘ला’ या प्रत्ययामुळे. ‘मी त्याला बघतो’ आणि ‘मी त्याला मदत करतो’ या दोन्हींत आपण ‘त्याला’च म्हणतो. जर्मनमध्ये पहिल्या वाक्यात ‘ईन’ (द्वितीया) आणि दुसऱ्यात ‘ईम’ (चतुर्थी). कोणतं क्रियापद कोणती विभक्ती घेतं, हे मराठीवरून ओळखता येत नाही, म्हणून क्रियापद पाठ करतानाच ते एका छोट्या वाक्यात करायचं. बी१पर्यंत पोचलेल्यांच्या वह्यांतही लाल शाई सगळ्यात जास्त याच जागी सापडते.

फ्रेंचमध्ये लिहिलेलं आणि ऐकू आलेलं यांत अंतर फार. शेवटची व्यंजनं बहुधा गिळली जातात आणि पुढच्या शब्दाची सुरुवात स्वरानं झाली की त्यातली काही परत उगवतात. त्यामुळे फ्रेंच वाचून शिकता येत नाही, कानानं शिकावी लागते. रशियनला सहा विभक्त्या आहेत. सामान्यरूपाची सवय असलेल्याला त्यांची कल्पना पचते, पण तक्ते पाठ करण्यावाचून सुटका नाही. वर्तमानकाळातलं ‘आहे’ तिथं गाळतातच.

आता मागणी. सातपूरला जर्मन बॉश आहे, अंबडला फ्रेंच श्नायडर, ओझरला एचएएलचा विमान कारखाना. ओझरचा कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला, पुढे सुखोई-३० तिथंच बनू लागलं, त्यामुळे नाशिकला तांत्रिक रशियनचं नातं जुनं आहे, मात्र जागा मोजक्या. दिंडोरी-गंगापूर पट्ट्यातल्या वाइनरींत आणि पर्यटनात फ्रेंचचा उपयोग होतो, पण तिथं फ्रेंच येणारा नुसता नको असतो, वाइनचं तंत्र किंवा हॉटेल व्यवस्थापन येणाराच हवा असतो. द्राक्षं हॉलंडला जातात म्हणून डच शिकू, असं कोणी म्हणालं तर थांबवा. निर्यातीचा सगळा कागदोपत्री व्यवहार इंग्रजीत चालतो. नुसत्या भाषेवर भागणाऱ्या नोकऱ्या प्रामुख्यानं पुण्यात आहेत: माहिती-तंत्रज्ञान कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्यांची सेवा केंद्रं, भाषांतर, शिकवणी. अभियांत्रिकी, नर्सिंग, वाणिज्य किंवा शेतीनिर्यात अशा एखाद्या विषयाच्या जोडीला भाषा असेल तर तिचं वजन फार वाढतं. आमचं स्पष्ट मत आहे की नाशिकच्या विद्यार्थ्यानं याच जोडीचा विचार आधी करावा आणि निव्वळ भाषेच्या पदवीचा नंतर.

तिसरी पायरी: शिकायचं कुठे?

सगळ्यात व्यवहार्य मार्ग म्हणजे पदवी नाशिकमध्येच आणि भाषा बाजूनं. एचपीटी, केटीएचएम, बीवायके किंवा जे असेल त्या महाविद्यालयात आपली नेहमीची पदवी करायची आणि पहिल्या वर्षाच्या जूनपासूनच भाषेचा वर्ग लावायचा. ‘आधी पहिल्या वर्षाचा अभ्यास बघू’ म्हणून दुसऱ्या वर्षापर्यंत ढकललं की वरचा तीन वर्षांचा गुणाकार कोलमडतो. नव्या शैक्षणिक धोरणातल्या रचनेत मुख्य विषयाबाहेरचे श्रेयांक (क्रेडिट्स) घ्यावेच लागतात. आपल्या महाविद्यालयात त्यात परकीय भाषा आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. असेल तर घ्या, पण दोन-चार श्रेयांकांत तोंडओळखच होते हे धरून चाला.

दुसरा मार्ग फारसा कोणी वापरत नाही, पण आहे चांगला. यूजीसीनं २०२२ साली एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गांचे असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत; एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ असेल तर ती अडचणही नाही. ज्याला भाषेतच पूर्ण झोकून द्यायचं आहे त्यानं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. किंवा बी.कॉम. करावं आणि दिवसाचे तास पुण्यात भाषेला द्यावेत. मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकलाच असल्यानं कागदपत्रांसाठी घरच्यांनाही चक्कर मारता येते. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. अर्धवेळ प्रमाणपत्रापासून वरचे अभ्यासक्रम तिथं चालतात आणि सरकारी विद्यापीठाचे असल्यानं खासगी वर्गांच्या मानानं स्वस्त पडतात.

तिसरा मार्ग भाषेच्याच पदवीचा. दिल्लीच्या जेएनयूत बी.ए. (ऑनर्स) फ्रेंच, जर्मन, जपानी, रशियन, स्पॅनिश, चिनी, कोरियन, अरबी, फारसी अशा भाषांत करता येतं. भाषा शून्यापासून शिकवतात, प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेशपरीक्षेतून होतो आणि बारावीच्या शाखेची अट नाही. हैदराबादचं इफ्लू हे तर भाषांसाठीच असलेलं केंद्रीय विद्यापीठ. जवळ हवं असेल तर पुण्यात फर्ग्युसनमध्ये जर्मन-फ्रेंच, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी, मुंबईत कालिन्याच्या विद्यानगरीत जर्मन, फ्रेंच, रशियनचे विभाग. एक काळजी घ्या: काही पदव्या शून्यापासून सुरू होतात, काहींत बारावीपर्यंत भाषा शिकलेली आहे असं धरून पहिला तास होतो. प्रवेश पुस्तिकेतली पूर्वअट वाचा आणि पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम मागून घ्या. पहिल्याच सत्रात कथा-कविता असतील तर शून्यावरच्या विद्यार्थ्याची दमछाक ठरलेली.

खासगी वर्ग लावताना फी भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. एका पातळीला किती तास देता? ए१ तीस तासांत ‘पूर्ण’ होत असेल तर तिथून निघा. तुकडीत किती जण? पंधराच्या वर गेले की बोलायची पाळी येत नाही. शिकवणाऱ्यांची स्वतःची पातळी कोणती आणि प्रमाणपत्र कोणाचं? निदान बी२, शक्यतो सी१. शेवटची परीक्षा कोण घेतं? वर्गच घेत असेल तर ती सराव परीक्षा समजा. एक तास बसून बघू द्यायला जो वर्ग नाही म्हणतो तो टाळलेला बरा.

चौथी पायरी: आठवडा आणि वही

वर्गाचे चार तास सोडून रोज ५० मिनिटं हवीत. सकाळचं कॉलेज असेल तर दुपारी, दुपारचं असेल तर सकाळी; पण वेळ एकच ठेवा. पहिली १५ मिनिटं जुने शब्द, मधली २० ऐकणं, शेवटची १५ लिहिणं. आठवड्यातले पाच दिवस. रविवारी वर्ग संपल्यावर आठवड्याच्या चुका एका पानावर उतरवायच्या.

शब्दांसाठी ठरावीक अंतरानं उजळणी करून घेणारं अंकीसारखं (अँड्रॉइडवर मोफत) अॅप किंवा साधे पुठ्ठ्याचे तुकडे, काहीही चालेल. नियम एवढाच की सुटा शब्द लिहायचा नाही. नाम असेल तर लिंग आणि अनेकवचनासकट, क्रियापद असेल तर वाक्यासकट. जर्मनला तीन रंगांची पेनं घ्या, लिंगाला एकेक. वर्षभरानं शब्द आठवला की रंगही आठवतो. रोज दहाच नवे शब्द. उत्साहात तीस घेतले की दोन-तीन आठवड्यांत उजळणीचा ढीग साचतो: रोज दहा नवे घेतले तर उजळणी सत्तर ते शंभरावर स्थिरावते, तीस घेतले तर ती अडीचशेच्या पुढे जाते आणि अॅप उघडायचीच भीती वाटू लागते. बहुतेकांचं अंकी याच वळणावर सुटतं.

ऐकण्याची वीस मिनिटं ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, म्हणून ती सविस्तर. दीड-दोन मिनिटांचा एकच ऑडिओ घ्या, ज्याचा लिखित मजकूर उपलब्ध आहे. जर्मनसाठी डॉइचे वेलेच्या संथ बातम्या, फ्रेंचसाठी आरएफआयच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या, जपानीसाठी एनएचकेच्या सोप्या बातम्या, तिन्ही फुकट. बातम्या साधारण ए२नंतर झेपतात, तोवर पाठ्यपुस्तकाबरोबरचा ऑडिओ वापरा. मजकूर न बघता तो तीनदा ऐका. चौथ्यांदा वाक्यागणिक थांबवत ऐकू आलं तसं लिहा. न कळलेल्या जागी रेघ मारून पुढे सरका. मग मजकूर काढून लाल पेनानं ताडून बघा. चुका तीन जातींच्या निघतात. शब्दच माहीत नव्हता, तर तो कार्डावर जातो. शब्द माहीत होता पण ओळखू आला नाही, तर ती उच्चाराची भानगड; ते वाक्य दहा वेळा मोठ्यानं म्हणा. प्रत्यय सुटला, तर तो व्याकरणाचा धडा त्या रविवारी पुन्हा काढा. शेवटी ऑडिओच्या अर्धा सेकंद मागून त्याच्याबरोबर बोलत जा आणि मोबाइलवर आपला आवाज रेकॉर्ड करा. एक ऑडिओ दोन दिवस पुरतो. रोज नवनवीन तासभर ऐकण्यापेक्षा यातून कान लवकर तयार होतो.

लिहिण्याच्या पंधरा मिनिटांत पाच ते आठ वाक्यं, त्या दिवशीच्या ऑडिओवर. शिक्षकांनी दुरुस्त केलेलं लिखाण पुन्हा स्वच्छ लिहून काढा. नुसती लाल शाई बघून वही मिटली तर तीच चूक परत येते.

आणि वहीत देवनागरी नको. या लेखात परकीय शब्द देवनागरीत छापले आहेत ते वाचकाच्या सोयीसाठी. विद्यार्थ्यानं शब्दाखाली देवनागरी उच्चार लिहिला की डोळा तिकडेच जातो, मूळ लिपी वाचायची टळते, आणि जे आवाज देवनागरीत नाहीतच ते कायमचे चुकीचे बसतात.

उच्चार: मराठी तोंडाची जमेची आणि खर्चाची बाजू

जमेची बाजू आधी. आपल्या ‘चमचा’, ‘चूक’मधला च हा जर्मन, रशियन आणि जपानीत जसाच्या तसा लागतो. जर्मन ‘झेड’ अक्षराचा उच्चार तोच, जपानी ‘त्सु’मधलाही तोच. हिंदी भाषकाला तो घोटून शिकावा लागतो.

फ्रेंच, स्पॅनिश, रशियन आणि जपानीतले त-द हे आपल्या दंत्य त-दच्या जवळचे आहेत. पण आपण या भाषा इंग्रजीतून शिकतो आणि इंग्रजीच्या सवयीनं तिथं ट-ड म्हणतो. पहिल्या दिवसापासून हे बदललं तर निम्मा ‘भारतीय अ‍ॅक्सेंट’ आपोआप जातो.

जर्मन आणि फ्रेंचमधला एक स्वर आपल्याकडे नाही. तो काढायची रीत सोपी आहे: ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. आरशासमोर दहा दिवस केलं की बसतो. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचे ब-ड-ग हे प-ट-क होतात. ‘दिवस’ या अर्थाचा शब्द लिहिताना शेवटी ग, बोलताना ‘टाक’.

जपानीत मराठी माणूस हमखास मार खातो तो ऱ्हस्व-दीर्घात, कारण बोलताना आपण इकार-उकाराची लांबी फारशी पाळत नाही. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बीरु’ म्हणजे बिअर. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. टाळी वाजवत मात्रा मोजण्याचा सराव करा. लांब स्वराला दोन टाळ्या.

पाचवी पायरी: परीक्षा

जपानीची जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. जवळची केंद्रं पुणे आणि मुंबई. जुलैची नोंदणी साधारण मार्च-एप्रिलात, डिसेंबरची ऑगस्ट-सप्टेंबरात उघडते, आणि जागा भरल्या की संपलं. एन५ला १८०पैकी ८०, एन४ला ९० गुण लागतात, पण एकूण गुण असूनही नापास होता येतं: या दोन्ही पातळ्यांत ऐकण्याच्या भागात ६०पैकी १९ आणि बाकीच्या भागात १२०पैकी ३८ स्वतंत्रपणे हवेत. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं नाही, म्हणून एन३ झालेला माणूस मुलाखतीत गप्प बसलेला दिसतो. बोलण्याचा सराव परीक्षेसाठी नसला तरी ठेवावाच लागतो.

गोएथेच्या परीक्षांना ६० टक्के लागतात. ए१ला ऐकणं २० मिनिटं, वाचन २५, लेखन २०, आणि गटात बोलणं सुमारे १५. बी१पासून चार स्वतंत्र भाग होतात आणि प्रत्येकाला ६० टक्के; राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. फ्रेंचची डेल्फ १०० गुणांची, पास व्हायला ५०, पण चारही भागांत २५पैकी निदान ५ हवेत. बी१चा निबंध १६० शब्दांचा, बी२चा २५०. शब्द कमी भरले तर गुण जातात, म्हणून सरावाच्या वेळी शब्द मोजायची सवय ठेवा.

प्रवासाचं गणित विसरू नका. मुंबईचं मॅक्सम्युलर भवन काळा घोड्याला, सीएसएमटीपासून चालत जाण्याएवढं. पण पंचवटी एक्स्प्रेस तिथं दहाच्या पुढेच पोचवते. सकाळी नऊचा पेपर असेल तर आदल्या दिवशी मुक्काम करावा. पुणे २१० किलोमीटर, गाडी संगमनेर-नारायणगाव-चाकण करत पाच तास सहज घेते, आणि चाकणला अडकली तर त्याहून जास्त. ऐकण्याची परीक्षा सुरू झाल्यावर दार बंद होतं, उशिराला माफी नसते.

सहावी पायरी: बी१च्या पुढे

इथं शहर सोडायचा विचार करा. बी१नंतर सतत बोलणारी माणसं लागतात, आणि बी२-सी१च्या नियमित तुकड्या पुण्या-मुंबईत मिळतात. पदवी कोणत्याही विषयाची असली तरी भाषेत एम.ए.ला पोचता येतं. बऱ्याच विद्यापीठांत उच्च पदविका किंवा बी२सारखी पातळी आणि प्रवेशपरीक्षा असा रस्ता असतो. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एम.ए.नंतर नेट ही पात्रता परीक्षा; फ्रेंच, जर्मन, रशियन, स्पॅनिश, जपानी, चिनी, अरबी, फारसी हे सगळे नेटचे विषय आहेत.

पदवीचं नावही मोजतात अशी एक जागा आहे. जपान सरकारची जपानी भाषा-संस्कृतीच्या विद्यार्थ्यांसाठीची एक वर्षाची शिष्यवृत्ती पदवीला जपानी हा मुख्य विषय असलेल्यांनाच मिळते. तिथं जायचं स्वप्न असेल तर बाजूनं केलेला एन३ पुरणार नाही.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना जर्मनीत नोंदणीसाठी साधारणपणे बी२ लागते. शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी ए१ सुरू केलं तर पदवी हातात पडूनही दीड-दोन वर्षं वाट बघावी लागते. दुसऱ्या वर्षी सुरू केलेलं बरं. जपानच्या ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ (ठरावीक क्षेत्रांतले कुशल कामगार) व्हिसासाठी बहुतेक कामांना एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही जपानीची दुसरी परीक्षा, शिवाय त्या-त्या कामाची कौशल्य परीक्षा. यात एजंटांचा सुळसुळाट आहे. भाषेची परीक्षा ‘आम्ही बघून घेऊ’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

जर्मनीत शिकायला जायचं तर भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे. त्याची फी १८,००० रुपये. राहण्याच्या खर्चाची हमी म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. गोएथेच्या प्रमाणपत्राला स्वतःची मुदत नाही, पण ते किती जुनं चालेल हे समोरची संस्था ठरवते. काही ठिकाणी वर्षाच्या आतलंच लागतं. त्यामुळे सी१ दिलं असलं तरी अर्जाच्या वेळी तारीख बघा.

शेवटी नाव. आपल्या बारावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर नाव आणि आडनाव असे दोनच कप्पे. आधारवर कधी तिसराच क्रम. परदेशी कचेरीला हे एकाच माणसाचे कागद आहेत असं वाटत नाही आणि अर्ज अडकतो. म्हणून पहिल्या भाषापरीक्षेच्या आधीच पासपोर्ट काढा, त्यातल्या ‘गिव्हन नेम’च्या कप्प्यात वडिलांचं नाव घालायचं की नाही ते मार्कलिस्ट समोर ठेवून ठरवा, आणि नंतरची प्रत्येक परीक्षा त्याच स्पेलिंगनं द्या. पदवीची ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाकडून यायला आठवडे जातात. शेवटच्या सत्राचा निकाल लागला की लगेच अर्ज करा आणि एकाऐवजी तीन-चार सीलबंद संच मागवा. प्रत्येक संचावरचं नाव पासपोर्टशी जुळतं का, हे पाकीट बंद होण्याआधीच खिडकीवर बघून घ्या, कारण सील फोडलेलं पाकीट पुढे कोणी घेत नाही.